मयत ठेवीदारांचंही चावडी वाचन करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ च्या एप्रिलमध्ये महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम राज्यभर काढली होती, ती आपल्या वाचकांना आठवत असेल. आधी बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात करून बघितली, मग सगळीकडे नेली. तलाठ्यांनी गावोगाव चावडी वाचन केलं, म्हणजे दप्तरातली नावं गावकऱ्यांसमोर वाचून दाखवली, सातबाऱ्यावर नाव आहे पण माणूस हयात नाही अशा खातेदारांची यादी केली, वारसांना मृत्यूचा दाखला आणि बाकी कागद आणायला सांगितलं आणि चौकशी करून त्यांची नावं लावायला घेतली. सगळ्या तालुक्यांत सारखंच काम झालं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे सर्व्हर बंद पडणे हाही मोहिमेचा एक टप्पाच होता. पण त्यामागचा विचार मला पटला. खातेदार गेलेला आहे हे दप्तरात दिसतंय, तर वारस अर्ज घेऊन येईल तेव्हा येईल म्हणून न बसता सरकारी माणसाने गावात जाऊन विचारायचं की याच्या मागे कोण कोण आहे?

जमिनीसाठी जे केलं तेच बँकेत, पोस्टात आणि विम्यात पडून राहिलेल्या पैशांसाठी करावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. लांबलं आहे. जागा असेल तसं छापावं.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशियर म्हणून लागले आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाले. काही वर्षं परळला काढली, बाकी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाखांमध्ये. आता राजापूर तालुक्यात गावी असते. गावच्या वाचनालयात दुपारी बसते तेव्हा लोक जुनी पासबुकं, पावत्या, विम्याचे बाँड घेऊन येतात. पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच असतं: “पैसे सरकारजमा झाले म्हणे, आता काय मिळणार?”

मिळतात. हे आधी ठासून सांगायला हवं. बचत खात्यावर दोन वर्षं ग्राहकाने काही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं ठेव कोणी मागितली नाही तर ती रक्कम बँक रिझर्व्ह बँकेकडच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत भरते. बँकिंग नियमन कायद्यात त्यासाठी कलम २६अ घातलं आणि २०१४ मध्ये योजना आली. निधीत गेले म्हणून पैशांची मालकी बदलत नाही. ठेवीदार किंवा त्याचे वारस कधीही मागू शकतात, मुदत नाही. आणि मागायचे ते आपल्या बँकेकडेच. बँकेने पैसे द्यायचे आणि मग निधीकडून परत घ्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. काउंटरवरचा मुलगा “ते रिझर्व्ह बँकेकडे गेले, आमच्या हातात नाही” असं म्हणाला तर त्याला परिपत्रक वाचायला सांगा. रागावू नका. बिचारा बहुधा परराज्यातून बदलून आलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर विमा विकायचं टार्गेट असतं. व्याजाच्या खात्यावर निधीत असतानाचंही व्याज मिळतं: आधी ४ टक्के होतं, जुलै २०१८ पासून साडेतीन, ११ मे २०२१ पासून ३. सरळव्याज.

मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. त्याच्या आदल्या वर्षी ६२,२२५ कोटी. म्हणजे परत जाणाऱ्यापेक्षा येणारा पैसा फार मोठा आहे. पण माझ्या डोक्यात दुसराच आकडा बसला आहे. फेब्रुवारी २०२३ पर्यंत सरकारी बँकांनी या निधीत ३५,०१२ कोटी भरले होते आणि खाती होती १०.२४ कोटी. भागाकार करा. खात्यामागे साडेतीन हजारही येत नाहीत. हे कोणा शेठजीचे विसरलेले पैसे नव्हेत. मनीऑर्डरीतून उरलेले, गाय विकून आलेले, मुलीच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेले पैसे आहेत. आणि यांच्या वारसांना आपण सांगतो, कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणा.

आमच्या वाडीतल्या एका काकींचं सांगते. त्यांचे यजमान लालबागला एका गिरणीत साचाखात्यात होते. १९८२ चा संप लांबला तेव्हा गावी आले, पुन्हा मुंबईला गेले ते मिळेल त्या कामाला, आणि पुढे गावीच वारले. काकींनी आणलेली पावती रेशनकार्डाच्या जुन्या प्लॅस्टिकच्या जाकिटात होती. घडीवर कसर लागलेली, पण शाई शाबूत. मुदत ठेव दोन हजार रुपये, तारीख संपाच्या दीड-दोन वर्षं आधीची. नावं दोन: यजमानांचं आणि त्यांच्या आईचं. खाली शिक्का, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’. नॉमिनीचं नाव कुठेच नाही.

मुलगा गेल्यावर आई काही वर्षं हयात होती. त्या काळात तिने शाखेत जाऊन अंगठा दिला असता तरी बँकेने तिला पैसे दिले असते. पण पावती आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. आता आईही नाही. मग हे पैसे मागायचे कोणी?

काकी म्हणाल्या, मी आणि माझा मुलगा. गावातही सगळे तेच म्हणाले. हिंदू उत्तराधिकार कायदा वेगळं सांगतो. माणूस मृत्युपत्र न करता गेला की बायको, मुलगे, मुली आणि आई या सगळ्यांचा हक्क एकाच पायरीवर. आईला आपण फार सहज विसरतो. इथे पैसा यजमानांच्याच पगारातला होता, म्हणून तीन सारखे हिस्से झाले: काकींचा, मुलाचा, सासूबाईंचा. सासूबाई नंतर गेल्या तेव्हा त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याचे वारस कोण? त्यांच्या दोन लेकी आणि आधी गेलेल्या मुलाचा मुलगा. म्हणजे एक नणंद देवरुखला, दुसरी पनवेलला, लग्न होऊन चाळीसेक वर्षं झालेल्या, आणि प्रत्येकी नवव्या हिश्श्याच्या मालकीण. काकींना हे पटायला वेळ लागला. “त्यांचा काय संबंध?” असं दोनदा विचारून झालं. मग स्वतःच फोन लावला.

देवरुखची नणंद म्हणाली, मला नकोत पैसे, पण विचारलंत हे बरं केलंत, आणि सही दिली. पनवेलच्या नणंदेने आपला हिस्सा घेतला. त्यावरून वाडीत चार दिवस कुजबुज झाली. माझ्या मते तिने काहीही वावगं केलं नाही. जे आपलं आहे ते घेतलं.

नणंदांचं एका आठवड्यात निभावलं. बँकेचं काही लवकर निभावेना. मूळ बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, शाखा हललेली. इथल्या शाखेने सांगितलं मुंबईला जा. मुंबईच्या शाखेने सांगितलं जुनं दप्तर गोदामात आहे, आणि वर, कोर्टाचं प्रमाणपत्र आणा. दोन हजारांच्या ठेवीसाठी वकिलाची फी, कोर्ट फी, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, तारखा! मुलगा नालासोपाऱ्याला राहून सिक्युरिटीत काम करतो, त्याचा एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार गेला. शेवटी नव्या मॅनेजर बाई आल्या, त्यांनी बंधपत्र (पुढे दुसरा वारस निघाला तर भरपाई आम्ही देऊ, अशी लेखी हमी) आणि संमतीपत्रं घेऊन काम मार्गी लावलं. नियमात ही सोय आधीपासून होती. वापरायची इच्छा हवी होती. त्या पैशांत काकींनी पडवीवरचे पत्रे बदलले.

आता नियम आणखी स्पष्ट झाले आहेत, ते वाचकांनी कापून ठेवावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मयत ग्राहकांच्या दाव्यांबद्दल निर्देश काढले आणि बँकांना ते अमलात आणायला ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली. नॉमिनी किंवा हयात सहखातेदार असेल तर वारसा प्रमाणपत्र मागायचंच नाही. नॉमिनी नसेल, भांडण नसेल आणि रक्कम व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत असेल, तर साध्या पद्धतीने, बंधपत्रावर आणि बाकी वारसांच्या संमतीवर काम व्हायला हवं. सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. बँकेमुळे उशीर झाला तर बँकेने वर भरपाई द्यायची. उत्तम नियम आहे. पण आपले पैसे आहेत हे ज्याला माहीतच नाही, त्याला या पंधरा दिवसांचा काय उपयोग?

खरी अडचण तिथे आहे. शोधायचं कोणी? आज सगळा भार वारसावर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ हे पोर्टल सुरू केलं. मार्च २०२४ पर्यंत त्यावर ३० बँका आल्या आणि निधीतल्या साधारण ९० टक्के रकमेचा शोध तिथे घेता येतो. काम चांगलं आहे, मी स्वतः वापरते. पण तिथे ठेवीदाराचं नाव इंग्रजीत टाकावं लागतं, आणि गावकर, घवाळी, ठुकरूल ही नावं १९८० च्या कारकुनाने रोमन लिपीत कशी लिहिली असतील ते त्याचं त्यालाच ठाऊक. मी प्रत्येक नावाचे चार-पाच अवतार टाकून बघते. बायकांचं तर आणखी अवघड. माहेरच्या नावाने उघडलेलं खातं, सासरचं नाव, त्यात सासरी नाव बदललेलं. शिवाय मयताचा पॅन, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख यांपैकी काही हाताशी हवं. गिरणीत लागताना ज्यांची जन्मतारीख मुकादमाने अंदाजाने घातली, त्यांची कुठली तारीख टाकायची? पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाहीत, आणि कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात माणसं बँकेइतकीच पतसंस्थेत पैसे ठेवत आली आहेत.

बँकांची नावं बदलली तो घोळ वेगळाच. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये, कुरुंदवाडची गणेश बँक त्याच वर्षी फेडरल बँकेत. देना आणि विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये. पासबुकावर ‘युनायटेड वेस्टर्न’ वाचून म्हातारा माणूस साताऱ्यात ती पाटी शोधतो आणि बँक बुडाली असं समजून परत येतो. बुडालेली नाही बाबा, पाटी बदलली!

२०२३ च्या जून ते सप्टेंबरमध्ये ‘१०० दिवस १०० पेमेंट्स’ झालं. प्रत्येक बँकेने प्रत्येक जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या शंभर ठेवींचे मालक शोधायचे. मोठ्या शंभर, बरं का. दोन हजारवाल्या काकी त्यात येणार कशा? मग २०२५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये केंद्राने ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ ही मोहीम काढली, जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं घेतली. शिबिराला कोण जातं? ज्याला आधीच काहीतरी माहीत आहे तो. आमच्या वाडीतून एसटीने रत्नागिरी गाठून परत यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि केवळ “असतील तर असतील” एवढ्या आशेवर म्हातारी माणसं दिवस घालवत नाहीत.

म्हणून चावडी. बँकेकडे प्रत्येक ठेवीदाराचा कायमचा पत्ता आहे. गिरणीवाल्यांच्या फॉर्मवर चाळीचा पत्ता वर आणि गाव, पोस्ट, तालुका खाली असायचा. असे फॉर्म परळला मी माझ्या हाताने तपासले आहेत. चाळ पडली, तिथे टॉवर आला, पण गाव आहे तिथेच आहे. निधीत गेलेल्या खात्यांची नावं आणि पत्ते बँकेने आपल्या संकेतस्थळावर टाकायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहेच. तीच यादी गावाप्रमाणे लावायची, मराठीत छापायची, रक्कम आणि खातेक्रमांक न घालता ग्रामपंचायतीला पाठवायची आणि ग्रामसभेत वाचायची. ग्रामसभा वर्षातून चार तरी होतातच. १ मेच्या सभेला मुंबईकर चाकरमानी गावात असतात, यादीसाठी ती बरी. खर्चाचं म्हणाल तर निधी आहे कशासाठी? कायद्यानेच लिहिलं आहे की तो ठेवीदारांच्या हितासाठी वापरायचा. टीव्हीवर सावधगिरीच्या जाहिराती जरूर द्या, पण ज्यांच्या पैशांवर त्या चालतात त्यांच्या घरी एक कागद पाठवायला काय हरकत आहे?

माझे जुने सहकारी म्हणतात, याने खोटे वारस उगवतील. ही भीती खोटी नाही. नोकरीत मी असे दावे पाहिले आहेत. एक पुतण्या वारसांची यादी घेऊन आला, शिक्के-बिक्के सगळं चोख, फक्त मयताची मुलगी गाळलेली. कारण विचारलं तर म्हणे, ती लग्न होऊन गेली. पण असला दावा पकडला कुठे जाईल याचा विचार करा. मुंबईत बसलेल्या अधिकाऱ्याला कागद दिसतो. चावडीवर चार म्हाताऱ्या बसलेल्या असतात. त्यातली एक हमखास म्हणणार, “अरे, त्याला पहिल्या घरची मुलगी आहे ना, लांज्यात दिलेली!” चारचौघांत नाव वाचल्याने खऱ्या वारसाला बळ मिळतं. चोरीला सोयीची असते ती गुपचूप केलेली फाइल. आणि आज जे दलाल कुठूनतरी नावं मिळवून घरी येतात आणि “तुमचे पैसे काढून देतो, चौथा हिस्सा द्या” म्हणतात, त्यांचा धंदाही बसेल.

नॉमिनीबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण निम्मी भांडणं त्यावरून होतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने कोणाच्या हातात पैसे दिले म्हणजे ती मोकळी होते, एवढंच नॉमिनीने ठरतं. पुढे वारसांचा हिशेब द्यायचा तो त्या नॉमिनीनेच. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे डिसेंबर १९८३ मध्ये सांगितलं, बँक खात्याबाबत २०१० मध्ये, आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये. हा शेवटचा दावा तर आपल्या ओळखीच्या घरातला, ‘कालनिर्णय’च्या साळगावकर कुटुंबातला. विम्यात मात्र २०१५ पासून आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना स्वतःचा लाभ मिळतो, तो अपवाद लक्षात ठेवावा. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी देता येतात. द्या. पण त्याने वारसांचे वाटे ठरत नाहीत. वाटे ठरवायचे असतील तर मृत्युपत्र करा.

हे मी विशेषकरून मूलबाळ नसलेल्या विधवा बायकांना सांगते. आमच्या भागात नर्स, शिक्षिका, अंगणवाडी सेविका अशा कमावत्या बायका आहेत. मृत्युपत्राशिवाय अशी बाई गेली तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिची आई, भाऊ, तिला शेवटी सांभाळणारा भाचा यांचा नंबर त्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका बाईचं प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरी राहून शिकली, नोकरी केली. तिच्या मागे पैसे कोणाला? ज्यांनी हाकलली त्या घरातल्या माणसांना. कायदाच तसा आहे, न्यायालयाने हात टेकले. तो कायदा बदलायला हवा, पण संसद बदलेल तोवर दोन साक्षीदार आणि एक कागद पुरतो.

आणि कोणीच वारस नसेल तर? तेव्हा संपत्ती सरकारची. राज्यघटनेचं कलम २९६ आहे, उत्तराधिकार कायद्याचं कलम २९ आहे. पण तिथेही सरकारला आपली पाटी लावून मोकळं होता येत नाही. हरिद्वारच्या एका आश्रमाच्या प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वारस नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर आहे, आणि जिल्हाधिकाऱ्याने स्वतःच चौकशी करून स्वतःच निकाल द्यायचा नाही. आपल्या जमीन महसूल संहितेत बेवारस जमिनीसाठी कलम ३४ आहे. जिल्हाधिकाऱ्याने जमीन ताब्यात घ्यायची, वर्षावर्षाने भाडेपट्ट्याने द्यायची, तीन वर्षं दावेदाराची वाट बघायची, मग लिलाव. म्हणजे कोणाचीच नसलेली वस्तू घेतानाही सरकारने आधी वाट बघावी, असंच कायदा मानत आला आहे.

या सगळ्यावर विरजण घालणारी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. पोस्टाची खाती, पीपीएफ, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांतली मागणी न झालेली रक्कम दुसऱ्या डब्यात जाते. त्याचं नाव ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी, २०१५ च्या वित्त कायद्याने झालेला. विम्याचे पैसे दहा वर्षं कोणी मागितले नाहीत की तिकडे. तिथूनही वारसाला मागता येतात, पण पंचवीस वर्षांपर्यंतच. त्यानंतर ती रक्कम कायमची केंद्र सरकारची. बँकेच्या ठेवीला मुदत नाही, शेअर्स आणि लाभांश ज्या निधीत जातात तिथेही नाही, मग पोस्टात ठेवणाऱ्यानेच काय पाप केलं? पोस्टात पैसे ठेवतो तो सरकारवर सर्वांत जास्त विश्वास असलेला माणूस. या निधीतून गरीब म्हाताऱ्यांना चष्मे, श्रवणयंत्रं, कुबड्या दिल्या जातात, ते चांगलंच आहे. द्यावीत, पण व्याजातून. मुद्दल वारसाचं आहे. २०१५ चा कायदा, म्हणजे पहिली पंचवीस वर्षं २०४० च्या आधी भरत नाहीत. अजून कोणाचं काही गेलेलं नाही. तोवर हे कलम काढून टाकायला वेळ आहे, आणि आपल्या खासदारांपैकी एकाने तरी हा प्रश्न सभागृहात विचारावा.

चावडी वाचनाला मात्र नवा कायदा लागत नाही. प्रत्येक जिल्ह्याला अग्रणी बँक असते, आमच्या जिल्ह्यात ती बँक ऑफ इंडिया आहे. बँकांची जिल्हा सल्लागार समिती असते आणि तिचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी असतात. ग्रामपंचायती त्यांच्याच जिल्ह्यात, तलाठीही त्यांचेच. जिवंत सातबाऱ्यासाठी केलेल्या मयत खातेदारांच्या याद्या तहसीलदार कचेरीत तयार पडल्या आहेत. त्या आणि बँकांच्या याद्या शेजारी ठेवल्या तरी कितीतरी नावं जुळतील. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा असा अर्ज मी आमच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दिला आहे, पोच घेतली आहे. इतर जिल्ह्यांतल्या निवृत्त बँकवाल्यांनी आपापल्या ठिकाणी असाच अर्ज द्यावा. मसुदा हवा असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे मागावा, मी सोबत एक प्रत जोडली आहे.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी
(ता. राजापूर, जि. रत्नागिरी. नाव छापू नये ही विनंती.)